जनान्यातला पुकारा

“कुलूप लागलं असं कानानं समजू नको, बेटी. हातानं वढून पाह्य.”

तुरुंगातल्या जुन्या पहारेकरीण खैरुन्निसाबींनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि कोकिळेच्या हाताला त्याची अशी सवय जडली, की पोलीस लाइनीतल्या आपल्या खोलीची कडी घातली तरी ती दोनदा ओढून पाहायची. मग स्वतःशीच ओशाळायची. आत नेसूची दोन लुगडी आणि देवाचा एक टाक, चोर नेणार काय होता?

घाटाखालच्या त्या गावात एक लहानसा तुरुंग होता. पुढे पुरुष कैद्यांच्या कोठड्या, आणि मागे उंच भिंतीआड बायकांची बाजू. तिला सगळे जनाना म्हणत. दोन कोठड्या, एक जातं, पाण्याचा हौद आणि डोक्यावर चौकोनी आभाळ. जनान्याच्या दाराला कुलूप बाहेरून होतं आणि त्याची किल्ली इंद्रभान जमादाराच्या कमरेला. पहारेकरीण सकाळी आत गेली की जमादार बाहेरून कुलूप घालायचा, ते दुसरी पहारेकरीण येईपर्यंत उघडायचं नाही. म्हणजे कैदी बाया कोंडलेल्या आणि त्यांच्यावर पहारा करणारीही त्यांच्याबरोबर कोंडलेली. कोकिळेला पहिल्या दिवशी कुलूप फिरल्याचा आवाज आला तेव्हा तिच्या छातीत धस्स झालं. खैरुन्निसाबी हसल्या. म्हणाल्या, मला बावीस वर्षांपूर्वी असंच झालं होतं, अजूनही होतं, फक्त आता कोणाला दिसत नाही.

कोकिळेचा नवरा पोलिसात शिपाई होता. मोताळ्याच्या बाजाराच्या बंदोबस्ताला गेला, तिथून अंगात ताप घेऊन आला तो पुन्हा उठला नाही. लाइनीतली खोली सोडावी लागली आणि ती सोनाळ्याला दिराकडे गेली. कारभारी हा तिचा दीर. माणूस वाईट नव्हता. त्याच्या घरात तिला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. ती घरात आहे हे कोणाला दिसू नये, एवढीच सगळ्यांची इच्छा होती. मागच्या अंधाऱ्या खोलीत दळण, शेण आणि राख, यांतच तिचा दिवस जायचा. श्रावणात जाऊ आणि शेजारणी न्हाऊन कहाणी सांगायला बसल्या, की विधवेची सावली नको म्हणून मधलं दार लोटून घ्यायच्या. लहानपणापासून जिचा एक नेम चुकला नव्हता, तिला दाराच्या फटीतून नुसता आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत. भाकरी नसती मिळाली तर चाललं असतं, पण ते दार तिला फार लागलं.

अशात जेलर वामनरावांचा निरोप आला. खैरुन्निसाबी आता थकल्या, त्यांच्या जागी नवी बाई शिकवून तयार करायची आहे. शिपायाची विधवा आहे, तिनं यावं. शिकाऊ म्हणून लाइनीतल्या एका खोलीत राहायचं, बींच्या हाताखाली काम शिकायचं, मग साहेब स्वतः परीक्षा घेणार. उतरली तर जागा कायम आणि ती खोलीही. नाही उतरली, तर सोनाळा.

कारभारीनं तिला बैलांच्या दमणीतून आणून सोडलं. निघताना तो मायेनं म्हणाला, “जमलं नाही तं सांगावा धाड, वैनी. गाडी घेऊन येतो.” पण तिला ते ऐकूनच मागच्या खोलीचा वास आला.

खैरुन्निसाबींची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. नागपूरहून नियमांचं जाडं पुस्तक आलेलं होतं, ते साहेबांच्या कपाटात. बी म्हणायच्या, ते कपाटाला पाठ करू दे, तू माझ्याकडून शीक. झडती कशी घ्यायची हे त्यांनी स्वतःची झडती घ्यायला लावून शिकवलं. कोकिळा लाजत लाजत पदर चाचपायची, निऱ्या झटकायची आणि म्हणायची, काही नाही.

“काहीच नाही? पक्कं?” असं म्हणत बी अंबाड्यातून गोधडी शिवायचा दाभण काढून दाखवायच्या. “हे घे. एवढ्यात मी तुले, जमादाराले अन् सायबाले, तिघाईले शिवून टाकलं असतं. एका वळीत.”

कैदीण बसली तरी आपण बसायचं नाही. तिच्याशी कामापुरतं बोलायचं. तिनं जेवण टाकलं तर त्याच दिवशी साहेबांना सांगायचं, कारण नागपूरचा नवा हुकूम होता, अन्न टाकणं हा तुरुंगाचा गुन्हा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुकारा. दिवसातून केव्हाही जमादार दाराबाहेरून ‘जनाना’ असा आवाज देणार. आतून पहारेकरणीनं लगेच जबाब द्यायचा, किती बाया आहेत आणि सब ठीक. तीन वेळा पुकारा. तिसऱ्यालाही जबाब नाही मिळाला, की आत काही घात झाला असं समजून शिट्टी, घंटा, आणि लाठ्या घेऊन पुरुष शिपाई, म्हणजे गडी, आत. एरवी गड्यांनी जनान्यात पाऊल टाकायचं नाही.

“घास तोंडात असो, नाही तं काही असो,” बींनी बजावलं होतं. “मी नमाज मोडून जबाब देल्ला आहे, बेटी. जबाब देल्ला अन् पुन्हा पयल्यापासून पढली. अल्लानं काही म्हटलं नाही. सायबानं म्हटलं असतं.”

कोकिळा सगळं शिकली. तिचा हात बसला, आवाज खणखणीत झाला. बी दिवसाचा पहारा तिच्या एकटीवर सोपवू लागल्या, म्हणू लागल्या, पोरगी उतरणार. परीक्षा कधी ते साहेब सांगणार नव्हते. एखाद्या दिवशी अचानक येऊन पाहतील, एवढंच ठाऊक होतं.

आषाढात तानुबाई आली. मोताळ्याकडच्या एका खेड्यातली शेतकरीण, उंच, हाडापेराची, कपाळाला आडवं कुंकू. तिची गाय कोणाच्या तरी पिकात शिरली म्हणून कोंडवाड्यात घातली होती. ही सोडवायला गेली तर कोंडवाड्याचा माणूस म्हणे, उद्या ये. गाय आत हंबरत होती, घरी वासरू दुधावाचून अडकलेलं. तानुबाईनं आधी फाटक मोडलं आणि मग आडवा आलेल्या त्या माणसाच्या डोक्यात फाटकाचीच फळी घातली. गाय घरी पोचली आणि ही इथे आली.

“त्या कोंडवाड्यात निदान कडबा तरी ताजा होता,” तुरुंगाची भाकरी पाहून ती म्हणाली. खैरुन्निसाबींना इतकं हसू आलं की त्यांनी पदर तोंडात धरला.

श्रावण लागला आणि अडचण सुरू झाली. तानुबाईचा वर्षानुवर्षांचा नेम होता. श्रावणभर रोज न्हायचं, एक कहाणी सांगायची, कोणीतरी ती हातात धान्याचे दाणे धरून ऐकायची, मगच घास. आरंभी दुसऱ्या कोठडीतली सत्यभामाबाई ऐकत होती. तिची शिक्षा संपली, ती धाड गावी आपल्या घरी गेली, आणि जनान्यात तानुबाई एकटी उरली. त्या दिवशी तिनं भाकरीला हात लावला नाही. भिंतीला सांगितलेली कहाणी पोचत नाही, म्हणाली.

कोकिळेनं ती भाकरी तशीच परत घेतली आणि हौदाजवळ उभी राहिली. नियमाप्रमाणे आजच्या आज साहेबांना सांगायला हवं. सांगितलं, तर तानुबाईच्या पायात बेडी पडणार आणि शिक्षा वाढणार. नाही सांगितलं, तर आपण चुकणार. आणि ऐकायला बसलं, तरी चुकणार. जिकडे वळावं तिकडे भिंतच. शेवटी ती म्हणाली, मी ऐकलं असतं, पण माझं असं आहे. तिनं आपल्या मोकळ्या कपाळाला नुसतं बोट लावलं.

तानुबाईनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. “ऐकणारीले कुकू लागत नाही, बाई,” ती म्हणाली. “कान लागतात.”

कोकिळेला उभं राहवेना. जात्याच्या पाळीवर चार ज्वारीचे दाणे सांडलेले होते, ते तिनं उचलले आणि ती जमिनीवर बसली.

मग ते रोजचंच झालं. दुपारी पुरुषांकडे जेवणाची धांदल असायची, जमादार तिकडे गुंतलेला. जनान्याकडे कोणी फिरकत नसे. बींना हे कळलं. त्या दोनच शब्द बोलल्या, पुकारा ऐक. कोकिळेनं मान हलवली. पण कहाणीचा एक कायदा तिनं बींना सांगितला नाही. कहाणी चालू असताना ऐकणारीनं हुंकाराखेरीज तोंडातून शब्द काढायचा नसतो. शब्द निघाला तर कहाणी उष्टी होते, आणि सांगणारीचा सगळ्या श्रावणाचा नेम मोडतो. नमाजसारखी ती पहिल्यापासून पुन्हा धरता येत नाही. दुपारी पुकारा येत नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. देव माणसाला बुद्धी देतो, पण जिथे मन गुंततं तिथे ती वापरायचं माणसाला सुचत नाही.

शनिवारची दुपार होती. तानुबाई न्हाऊन, एका हातात ज्वारी आणि दुसऱ्या हातात हौदाच्या कडेला उगवलेलं आघाड्याचं पान धरून, डोळे मिटून सांगत होती. एका गुराख्याची बायको. तिची गाय हरवली, म्हणून ती रानोमाळ शोधत निघाली. वारुळाला विचारलं, ते म्हणालं मला ठाऊक आहे पण पुढे विचार. वडाला विचारलं, तोही तेच म्हणाला. मग नदी आडवी आली. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं.

“जनाना!”

इंद्रभानचा आवाज. कोकिळेच्या हातातले दाणे घामानं भिजले. तिनं तानुबाईकडे पाहिलं. तानुबाईनंही ऐकलं होतं. तिनं डोळे उघडले नाहीत, फक्त आघाड्याचा हात जरासा वर केला. कोकिळेला खूण कळली. कहाणीतली बाई नदीच्या मधे असताना कहाणी थांबवायची नसते, तिला आधी काठाला लागू द्यायचं असतं. तिला तसंच सोडलं तर सांगणारीच्या घरातलं कोणी पाण्यात बुडून जातं, असं आपल्या बायका लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. तानुबाईला मोताळ्याकडे दोन लेकरं होती.

दुसरा पुकारा आला. या खेपेला मागे वामनरावांचं खाकरणं ऐकू आलं. म्हणजे आज परीक्षा होती. कोकिळेच्या घशात ‘एक, सब ठीक’ हे शब्द येऊन बसले होते, फक्त ओठ उघडायचे होते. सोनाळ्याचं ते दार तिला दिसलं. तानुबाई भराभर सांगू लागली, लाकडाचा ओंडका वाहत आला, बाईनं तो धरला, भोवऱ्यात एक गिरकी खाल्ली, दुसरी खाल्ली.

“जनाना!” तिसरा.

“हुं,” कोकिळा म्हणाली. तो हुंकार कहाणीसाठी होता. दाराबाहेर तो जाणार कुठून?

शिट्टी झाली. घंटा बडवली जाऊ लागली. ओंडका काठाला लागला तेव्हाच कुलूप निघालं आणि सहा-सात गडी लाठ्या उगारून आत घुसले. आत दोन बाया जात्याशेजारी मांडी घालून बसलेल्या. गडी एकमेकांकडे पाहू लागले. एकानं लाठी पाठीमागे लपवली.

“काठाला लागली,” तानुबाई कोकिळेला म्हणाली, जणू तिथे दुसरं कोणी नव्हतंच. “इथं थांबवते. उरली ते उरली. बोल आता, बाई.”

कोकिळेच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो साहेबांसाठी नव्हता. “उरलेली मी ऐकीन,” ती म्हणाली. “तुमाले शब्द देते.”

“तोवर मी नुसत्या पाण्यावर आहे,” तानुबाई म्हणाली.

ऑफिसात नेण्याआधी इंद्रभाननं कोकिळेला व्हरांड्यात गाठलं. तिच्या नवऱ्याबरोबर त्यानं नोकरी काढली होती, त्याला मनापासून वाईट वाटत होतं. तो हलक्या आवाजात म्हणाला, “वैनी, एकच सांगजा. कैदिणीनं मागून तोंड दाबलं, म्हणून जबाब देता आला नाही. गडी मीच आत धाडले, मी तसंच म्हणतो. तुमची जागा राह्यते.”

“अन् तिचं?”

“तिचं काय, सहा महिने वाढतीन. तिले काय नवं आहे? आधीच एकाचं डोस्कं फोडलेलं.”

खैरुन्निसाबी तिथेच होत्या. घंटा ऐकून धावत आल्या होत्या, एका पायात चप्पल नव्हती. कोकिळेनं त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी मान फिरवली.

खरं सांगायचं तर कोकिळेनं ठरवलं होतं. ऑफिसच्या उंबऱ्यावर पाय टाकताना तिचं पक्कं झालं होतं, की तोंड दाबलं असंच म्हणायचं. तिच्या डोळ्यांसमोर दुसरं काही येतच नव्हतं. मागची खोली, शेणाची पाटी, आणि कारभारीची दमणी. तानुबाई धडधाकट आहे, सहा महिने काढील. मी नाही काढू शकणार, मला जन्म काढायचा आहे.

वामनराव रागावलेले नव्हते, त्यामुळे अधिकच कठीण झालं. त्यांनी तिला शांतपणे विचारलं, जबाब का दिला नाही.

“तोंड दाबलं, साहेब,” ती म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं.

त्यांनी टाक शाईत बुडवला. “कोणत्या हातानं?”

एवढाच प्रश्न होता. उजव्या म्हटलं असतं तर संपलं असतं. पण त्या शब्दाबरोबर तानुबाईचा हात तिच्या समोर आला, ओला, आघाड्याचं पान धरलेला, नदीतल्या बाईला सांभाळून वर उचललेला. तो हात उचलून आपल्या तोंडावर ठेवायचा तिनं फार प्रयत्न केला. तो काही येईना.

“तिचे हात मोकळे नव्हते, साहेब,” ती म्हणाली. “एका हातात ज्वारी होती अन् एका हातात आघाडा. मी कहाणी ऐकत होती. तिनं मले धरलं नाही. मीच बसली होती.”

इंद्रभान छताकडे पाहू लागला.

वामनरावांनी टाक खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, नदी होती का मधे? कोकिळेनं हो म्हटलं. त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. त्यांच्याही घरी श्रावण होता. पण सरकारचं ऑफिस होतं आणि घंटा साऱ्या गावानं ऐकली होती. खुर्चीत अंग टाकून म्हणाले, “बाई, तुमच्या जागी मी असतो तर मलाही तुम्हाला ठेवता आलं नसतं.” ते वाक्य सरळ नव्हतं, पण त्याचा अर्थ सरळ होता. कैदिणीवर काही लावलं नाही. कोकिळा या कामाला योग्य नाही, असं लिहिलं. सोमवारी खोली सोडायची. सोनाळ्याला सांगावा त्याच संध्याकाळी गेला.

पट्टा आणि शिट्टी जमा करून ती लाइनीत परतली. खोलीत चूल पेटवली नाही. भिंती तेवढ्याच होत्या, पण आत हवा कमी झाल्यासारखी वाटत होती. दिवेलागणीला खैरुन्निसाबी आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या.

“बावीस वर्षांत मी एकच बाई शिकवली,” त्या म्हणाल्या, “अन् तेही पुरी नाही शिकली. मले काऊन नाही सांगितलं तू, का कहाणी मधात मोडता येत नाही म्हणून? मीच दारात उभी राह्यली असती.”

कोकिळेनं उलट विचारलं, तानुबाई जेवल्या का?

“कोण जेवते! भाकर तशीच. आजचं मी सायबाच्या कानावर घालत नाही, पण उद्याबी टाकली तं संध्याकाळी घालावंच लागीन.” मग बी बाहेरच्या बाजूला पाहत म्हणाल्या, “उद्या इतवार आहे. मुलाखतीचा दिवस. बाहेरच्या माणसाले कोणत्याही कैद्याले भेटता येते, गजाआडून. पहारा माझा आहे. मी तिले गजापाशी आणून उभी करीन. वेळ मात्र थोडाच असते. होईन का तेवढ्यात?”

“होईन, बी,” कोकिळा म्हणाली. “काठाला तं लागलीच आहे.”

“मंग जमादार विचारीन, कैदीण तुही कोण लागते. काय सांगशीन?”

याचा कोकिळेनं विचार केला नव्हता. बींनी उत्तराची वाटही पाहिली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गेल्या.

रविवारी सकाळी कोकिळेनं आंघोळ केली, देवाच्या टाकासमोर हात जोडले. तोंडात पाण्याखेरीज काही घातलं नाही. कारभारीची दमणी उद्या येणार होती; कपड्यांचं गाठोडं कोपऱ्यात बांधून ठेवलेलं होतं. शेजारच्या शिपायाच्या बायकोनं दारातून विचारलं, आज कुठे, आता तर काम नाही ना? कोकिळा म्हणाली, एक ऐकायचं राहिलं आहे.

तुरुंगाचा रस्ता रोजचाच होता. आज मात्र तिला मोठ्या दरवाज्यानं जायचं होतं, जिथे दूरदूरच्या खेड्यांतून आलेली माणसं डबे घेऊन, उन्हात, रांगेनं उभी असतात. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ती चालू लागली.